बिनआवाजाचा पंखा

डीक्स वोल्टरिंकला कोणाला त्रास द्यायला आवडत नसे, आणि या एका सवयीपायी त्याने जन्मभर स्वतःला त्रास करून घेतला. अल्मेलोच्या कापड गिरणीत तो साच्यांची, म्हणजे विणायच्या मागांची, दुरुस्ती करणारा फिटर होता. गिरणी बंद पडली त्या दिवशी सगळे कामगार फाटकाबाहेर घोषणा देत उभे होते आणि हा गडी आत आपल्या साच्यांना तेल घालत होता. भंगारात जाणाऱ्या साच्याला तेल कशाला, असं फेनाने विचारलं, तर म्हणाला, "कोरडा कसा सोडायचा?" अशा माणसाला काय म्हणावं! आमच्या ट्वेंटे भागात अशांची वाण नाही म्हणा, पण डीक्स त्यांतही वरच्या नंबरचा.

फेना त्याची बायको. तीही त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. दोघांचे कान साच्यांच्या खडखडाटात गेलेले, त्यामुळे दोघं एकमेकांशी गोड बोलत असली तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला भांडण चाललंय असं वाटे. मोठ्या आवाजातलं त्यांना ऐकू यायचं. घड्याळाची टिकटिक, नळाचं ठिबकणं, दूरची घरघर, हे मात्र त्यांच्यापुरतं जगात नव्हतंच.

फेनाचा कॅन्सर हाडात उतरला तेव्हा डीक्सने तिचा पलंग पुढच्या खोलीत मोठ्या खिडकीशी आणला. पडदे उघडेच ठेवायचे, म्हणजे रस्ता दिसतो आणि रस्त्यालाही आपण दिसतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी कमी घेतली की फेना कण्हायची, आणि पुरेशी घेतली की नुसती पडून राहायची, तोंड उघडं टाकून. डीक्सला पहिलं बघवत नव्हतं आणि दुसरं त्याहून बघवत नव्हतं.

घरी येणारी नर्स एकदा दाराशी बूट घालता घालता म्हणाली, "वोल्टरिंक, काही लोक गांजाचा चहा देतात. औषधाच्या दुकानात मिळतो, पण विमा त्याला एक सेंट देत नाही. चार-पाच झाडं घरी लावली तर कोणी काही म्हणत नाही. मी काही बोलले नाही हं." आणि ती सायकलवर बसून गेली.

मोकळ्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला सायकल थांबवणारा हा माणूस. त्याने माळ्यावर बॉयलरच्या बाजूला चार कुंड्या मांडल्या. दिवस लहान होत चालले होते म्हणून वर एक दिवा टांगला. झाडं वाढली, त्यांच्या पानांचा चहा सुरू झाला, आणि पहिल्याच आठवड्यात त्या चहाने फेनाची रात्र सरळ केली. सकाळी ती उशीला टेकून बसली आणि पेपरातल्या मृत्यूच्या जाहिराती मोठ्याने वाचायला लागली, आजारापूर्वी वाचायची तशा.

"हा लॅमर्ट गेला बघ! 'सर्वांचा लाडका' म्हणे. माझी शिडी नेलीन् परत दिली नाही मेल्याने."

"आता मागायला जाऊ नकोस म्हणजे झालं."

"जाणारच आहे की तिकडे. भेटला की मागते."

डीक्स हसता हसता स्वयंपाकघरात गेला आणि तिथे डोळे पुसून आला. त्याला आता बरं होण्याची वगैरे आशा नव्हती, डॉक्टरांनी ती ठेवलीच नव्हती. त्याचं मागणं एवढंच होतं की फेनाने याच खिडकीशी जावं आणि जाईपर्यंत तिने फेना राहावं, कोणी लाकडाचा ओंडका नव्हे.

झाडांना फुलं धरली आणि वास सुटला. ज्याने घेतलाय त्यालाच तो कळेल. कांद्याच्या पोत्यात मांजर मरावं आणि वरून कोणी लिंबू पिळावं, तसा. जिन्यातून खाली, फटींतून बाहेर. डीक्सला स्वतःच्या घराचं काही नव्हतं. त्याला चिंता पडली बेरेंटची.

बेरेंट भिंतीपलीकडचा. ओळीतल्या घरांची मधली भिंत एका विटेची, तिच्या अलीकडे वोल्टरिंक आणि पलीकडे बेरेंट, असं अर्धं आयुष्य गेलेलं. आमच्याकडे शेजाऱ्याला नोआबर म्हणतात, आणि पहिल्या भिंतीचा नोआबर म्हणजे सख्ख्या भावापेक्षा काकणभर जास्तच. मूल झालं तर तो पाहुण्यांना निरोप देणार, घरात कोणी गेलं तर तो दारोदार सांगणार आणि शवपेटीला खांदा देणार. त्याच्याकडे किल्ली असते, आणि तो मागच्या दारानेच येतो. बेरेंट गिरणीच्या रंगखात्यात होता, बायको मिना जाऊन काही वर्षं झालेली, गुडघे कामातून गेलेले, स्वभावाने मेणाहून मऊ.

अशा माणसाला डीक्सने नुसतं सांगायचं होतं, "बेरेंट, फेनासाठी चार झाडं लावलीत. वास येईल, सांभाळून घे." एवढ्या दोन वाक्यांत सगळं आटपलं असतं. पण आमच्या लोकांची खोड अशी, की नोआबरसाठी मध्यरात्री पावसात धावतील, आणि स्वतःसाठी नोआबरकडे काडेपेटी मागायची म्हटली तर जीभ टाळ्याला चिकटते. बेरेंट रोज मागच्या दाराने येत होता, फेनापाशी बसत होता, वासाबद्दल अवाक्षर काढत नव्हता. किती सोसतोय बिचारा, असं डीक्सला वाटे. बेरेंट जितका गप्प, तितका डीक्स शरमेने अर्धा होई.

शेवटी तो बस पकडून हेंगेलोला गेला. तिथे इर्मा नावाच्या बाईचं दुकान होतं. दिवे, खतं, पाइप, पंखे; गिऱ्हाईक म्हणणार टोमॅटो, इर्मा म्हणणार टोमॅटो, आणि दुकानात आजवर एक टोमॅटो कोणी पाहिलेला नाही.

"खोली केवढी?" तिने विचारलं.

डीक्सने लांबी, रुंदी आणि छताचा उतार सांगितला. तिने पेन्सिल चालवली. "हवा ओढणारा पंखा हवा, आणि त्याच्या तोंडाशी कोळशाची गाळणी. गाळणी वास धरून ठेवते. पण गाळणीतून हवा ओढायची म्हणजे पंख्याचं अर्धं बळ तिथेच जातं, म्हणून हा न्हाणीघराचा छोटा पंखा घेऊ नका. स्वस्त आहे, पण नुसता फिरत राहील."

हे डीक्सला चटकन पटलं. राहिले दोन. एक उघड्या पत्र्याचा, नळकांड्यासारखा, दणकट. दुसरा तेवढ्याच ताकदीचा, पण जाड अस्तराच्या पेटीत बसवलेला, आणि किंमत जवळजवळ दुप्पट.

"याला दुप्पट का?"

"बिनआवाजाचा आहे म्हणून."

"लावून दाखवा."

इर्माने आधी पत्र्याचा लावला, मग पेटीतला. डीक्सने मान तिरकी करून ऐकलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. दोन्हींत त्याला तिळाएवढा फरक जाणवला नाही. पत्र्याच्या पंख्यावर त्याने तळवा ठेवला. आत छान, एकसारखी थरथर होती, निरोगी यंत्राची असते तशी.

"दोन्ही गप्प आहेत की," तो म्हणाला.

"गप्प? अहो, हा पत्र्याचा घुमतो. माझं डोकं उठलं बघा आत्ता."

"मला तर काही ऐकू येत नाही."

दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात तो हे बोलला. इर्माने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "घरी दुसऱ्या कोणाला तरी ऐकवा आधी. परत आणलात तर बदलून देईन."

"घरी बायको. तिचेही कान गिरणीतलेच."

मनात तो म्हणाला, बाई वस्ताद आहे, जास्तीची वस्तू गळ्यात मारतेय. पेटीतल्या पंख्याच्या जादा पैशांत फेनाला पाठ सोलवटणार नाही अशी हवेची गादी येत होती. त्याने पत्र्याचा पंखा घेतला, येताना गादी घेतली, आणि त्या दिवशी आपण शहाणपणाचा सौदा केला या आनंदात बसमध्ये शीळसुद्धा घातली.

निघताना इर्मा म्हणाली होती, "रबराच्या दोऱ्यांनी टांगा हं, भिंतीला ठोकू नका." ते त्याला ऐकू आलं होतं. पण यंत्र लोंबतं ठेवायचं? साचेखात्यात एखादा साचा जरी जमिनीला सैल बसलेला दिसला, तरी फिटरची अब्रू जायची. डीक्सने लांब स्क्रू घेतले, लोखंडी पट्टी घेतली, आणि पंखा असा आवळला की हत्तीने ओढला तरी हलू नये. कशाला आवळला, तर मधल्या एका विटेच्या भिंतीला. माळ्यावर तेवढीच जागा मजबूत होती.

संध्याकाळी तो बाहेर जाऊन बेरेंटच्या भिंतीपाशी, खिडकीपाशी, गटारापाशी हुंगत फिरला. वास नाही! घरात येऊन त्याने फेनाला सांगितलं, "काम फत्ते. आता बेरेंटला काही कळणार नाही."

"कुत्र्यासारखा हुंगत होतास ते मी खिडकीतून पाहिलं," फेना म्हणाली. "अख्ख्या रस्त्याने पाहिलं."

इकडे ही मजा, आणि भिंतीपलीकडे बेरेंटची भिंत दिवसरात्र घुमायला लागली होती. डोक्याशी मधमाश्यांचं पोळं बांधावं तसा आवाज. पण बेरेंट तरी कोण! तोही याच मातीतला. तो मनात म्हणाला, वोल्टरिंकच्या बॉयलरचा पंप गेलाय, आणि त्या दोघा बहिऱ्यांना कळत नाहीये. आधीच आजारपण, त्यात डीक्सच्या डोक्याला हा ताप कशाला? शिवाय आवाज त्यांना ऐकू येत नसला तरी हादरा पलंगाला बसतच असेल, फेनाला झोप कशी लागेल? म्हणून डीक्सला न सांगता, न विचारता, त्याने ओळीतली ही सगळी घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेला फोन केला.

मेकॅनिक आला तेव्हा डीक्स बाजारात होता. फेनाला तळलेल्या माशाची इच्छा झाली होती. बेरेंटने स्वतःच्या किल्लीने मागचं दार उघडलं, बोटाने माळा दाखवला आणि आपण खाली मेकॅनिकसाठी कॉफी ठेवली. फेना झोपली होती. मेकॅनिक खाली आला तो कॉफी न घेताच निघाला. "बॉयलर ठीक आहे. बाकीचं ऑफिसला कळवतो," एवढंच म्हणाला. बेरेंटला वाटलं, पंपाची ऑर्डर द्यायची असेल.

मग संस्थेचे हॉफस्टे आले. वाईट माणूस नव्हता तो. उलट वाईट असता तर डीक्सला सोपं गेलं असतं. खिडकीतल्या पलंगाकडे पाठ येणार नाही अशा बेताने ते बसले.

"झाडं किती, वोल्टरिंक?"

"चार."

"चाराचं काही नाही हो. खिडकीत कुंडीत ठेवली असतीत, तर मी आज इथे आलोच नसतो. पण वर दिवा आहे, गाळणी आहे, हवा ओढणारा पंखा आहे. पंखा आला की ती लागवड धंद्याची धरतात. चार असोत की चारशे."

"अहो, पंखा शेजाऱ्यासाठी लावला! वासाचा त्रास नको म्हणून!"

हॉफस्टेंनी टेबलाकडे पाहिलं. "शेजाऱ्यांचाच फोन होता. आवाजाचा."

डीक्सला आधी कळलंच नाही. "कसला आवाज?" त्याने दोनदा विचारलं. मग हॉफस्टेंनी त्याला पंख्याबद्दल समजावून सांगितलं, मोठ्या आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं.

नियमाने घर सोडावं लागत होतं. फेनाच्या अवस्थेकडे बघून हॉफस्टेंनी त्यातून वाट काढली: झाडं आणि सामान आजच्या आज द्या, घर राहील, पुन्हा एक पान जरी सापडलं तर मात्र करार संपला. "मला याहून जास्त काही करता येत नाही," ते म्हणाले, आणि ते खरं असावं.

ते जाताच डीक्स तडक बेरेंटच्या मागच्या दाराशी गेला. आयुष्यात पहिल्यांदा कोणाची तरी गचांडी धरायला निघाला होता. बेरेंट बटाटे सोलत होता. डीक्सला बघताच त्याचा चेहरा उजळला.

"आला का रे तुमचा पंपवाला साहेब? मीच फोन केला होता. तुला नाही विचारलं, रागावू नकोस. म्हटलं, तुझ्या मागे किती व्याप. आणि तिला झोप नको का मिळायला, लेका?"

डीक्स दारात उभा राहिला. बटाट्याची साल लांबच्या लांब लोंबत होती. "आला होता," तो म्हणाला, आणि परत फिरला.

फेनाला त्याने सगळं सांगितलं. सांगताना तो ओरडत होता, पण त्यांच्या घरात ते कधी नवीन नव्हतं. "त्याला सांगतो! जाऊन सांगतो, तुझ्या चांगुलपणाने आमचं काय केलंस ते!"

"नाही सांगायचं," फेना म्हणाली.

"का नाही?"

"तो मला खांदा देणार आहे, डीक्स. त्याला माझंच ओझं पुरे."

दुपारी साध्या कपड्यांतला पोलीस मागच्या बाजूला गाडी लावून आला आणि काळ्या पिशव्यांतून झाडं घेऊन गेला. पंखा हातात उचलून नेला. बेरेंटने ते खिडकीतून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

चहा संपला, औषधाच्या दुकानातला परवडेना, तशी फेनाची रात्र परत आली. डीक्सने चोरून कुठून मिळतं का ते पाहतो म्हटलं, तर तिने त्याला झाप झाप झापला. "मला या खिडकीतून बाहेर काढू नकोस." घर की चहा, यांत तिने घर घेतलं. मग डॉक्टरांनी मॉर्फिनचं छोटं यंत्र बसवलं, उशीशी ठेवायचं. दुखणं थांबलं. पेपर आला तसा घडी न मोडता पडून राहू लागला.

बेरेंट रोज दुपारी येऊन बसे, डीक्सला तासभर डोळा लागावा म्हणून. एकदा त्याने दोघांसाठी कॉफी केली, स्वतःच्या कपात दूध ओतलं आणि घोट घेतला. दुधाचे गठ्ठे वर तरंगत होते, खोलीभर आंबूस वास सुटला होता.

"अरे, नासलंय ते!" डीक्स ओरडला.

बेरेंटने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला. "मला नाही कळत," तो म्हणाला. "नाक रंगखात्यानेच नेलं. मिना होती तोवर ती हुंगून सांगायची. कोणाला बोललो नाही कधी. लाज वाटते रे. फेनाच्या सुपाला 'काय वास सुटलाय' म्हणायचो ना, ते असंच."

ज्या नाकासाठी डीक्सने पंखा आणला, त्या नाकाला तीस वर्षांत गुलाबही कळला नव्हता. त्याला हसू येईल असं वाटलं, पण आलं ते भलतंच, आणि तो नासकं दूध ओतायच्या निमित्ताने मोरीपाशी जाऊन उभा राहिला.

शेवटच्या दिवसांत फेनाने एका सकाळी डोळे उघडले. नजर स्वच्छ होती. डीक्सला वाटलं, आली परत. तो घाईने खुर्ची ओढून बसला.

"बॉयलर बघायला आलात का?" तिने अदबीने विचारलं.

डीक्सने पुढे केलेला हात मागे घेतला.

"माझे यजमान बाजारात गेलेत. येतीलच एवढ्यात. मासे आणायला गेलेत माझ्यासाठी. फार चांगला माणूस आहे हो. तुम्ही कॉफी घ्या, थांबा तोवर."

मी डीक्स आहे, असं सांगावं असं त्याला फार वाटलं. पण सांगितलं असतं तर ती गोंधळली असती, घाबरली असती. "हो बाई," तो म्हणाला. "थांबतो मी." त्याने कॉफी करून आणली आणि तिच्यासमोर बसून परक्या माणसासारखी प्यायला. ती अधूनमधून खिडकीबाहेर बघत होती, यजमान दिसतात का ते. त्यानंतर ती बोलली नाही. दोन दिवसांनी खिडकीशीच गेली.

बेरेंट रीतीप्रमाणे काळा कोट घालून रस्त्यावरच्या प्रत्येक दारी निरोप घेऊन गेला. दुखऱ्या गुडघ्यांनी त्याने पेटीचा पुढचा डावा कोपरा धरला आणि दफनभूमीपर्यंत बदली घेतली नाही. नंतर तिथल्या हॉलमध्ये कॉफी आणि चीजचे पाव आले. लोक हलक्या आवाजात बोलत होते, म्हणजे डीक्सच्या दृष्टीने बोलतच नव्हते. बेरेंट त्याच्या कानाशी वाकला.

"एक विचारू का? मनाला लागून राहिलंय. तो पंप त्यांनी काढून नेला ना, त्यानंतर भिंत एकदम शांत झाली. तिला शेवटी शेवटी तरी झोप मिळाली ना रे?"

डीक्सने त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्याच्या ओठांशी आलं. बेरेंटचे डोळे लाल होते आणि हात पेटीच्या कडीने सोलवटला होता.

"मिळाली," डीक्स म्हणाला. "चांगली झोपायची."

"मग फोन केला ते बरं केलं म्हणायचं."

"बरं केलंस."

आणि ज्या एका माणसापुढे रडायचं नाही असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं, त्याच माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला.